पाटलीणबाईंचे विलायती मोजे

पार्बताबाईंचे पाय सुजले तेव्हा किसनराव पाटलांना आधी अभिमानच वाटला. त्यांच्या आईचे पाय जन्मभर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखे होते. घरच्या बाईचे पाय खांबासारखे व्हायचे तर अंगात तूप मुरावे लागते, आणि शेताचे तोंड न बघता दिवसभर झोपाळ्यावर बसण्याची ऐपत लागते.

"सुजले नाई, भरले असं मन," ते म्हणाले. "खात्यापित्या घरचे पाय हायेत."

"मंग भरलेल्या पायावर उभं काहून राहता येत नाई?" पार्बताबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या.

सातासमुद्रापलीकडे कुठे तरी मोठी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. दोन-तीन हंगामांत नांदगावकडच्या त्या लहानशा गावात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. पाटलांच्या घरात तर झोपाळा आला, कुणालाच वाचता न येणारे घड्याळ आले आणि त्यांच्यामागोमाग सोवळेही आले. परवापरवापर्यंत कमरेला फडक्याचा ओटा बांधून कापूस वेचणाऱ्या पार्बताबाई आता रेशमी मुकटा नेसल्याशिवाय देवघराचा उंबरा ओलांडत नसत. सुती लुगडे ओवळे. ज्या कापसावर घर उभे राहिले, त्याला त्याच घरातल्या देवांना शिवायची बंदी झाली. देव काही बोलले नाहीत. त्यांनी असे पुष्कळ पाहिलेले असते.

मात्र एका गोष्टीत पार्बताबाईंच्या जिवाला खरोखर घोर लागला होता. भाव चढायला लागला त्या वर्षी त्यांनी नवस बोलला होता : "अंबामाय, आमच्या कापसाले सोन्याचा भाव येऊ दे, मी अनवानी चालत येऊन तुई ओटी भरीन." देवीने आपली बाजू ताबडतोब पुरी केली. पार्बताबाईंची बाजू तेव्हापासून मागेच पडत होती. एकदा घरचे लग्न आडवे आले, एकदा पाऊस आणि एकदा नुसताच कंटाळा. शेवटी चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी साऱ्या बायकांदेखत शब्द दिला, की अक्षय्य तृतीयेला अमरावतीला चालत जाणार. शब्द दिला आणि पायांनी दगा दिला.

धाकटी जाऊ मनकर्णा विचारपूस करायला आली. दोघींच्या चुली वेगळ्या झाल्यापासून तिची विचारपूस फार वाढली होती.

"मोठ्या बाई, तुमच्यानं होत नसन त मी भरून येते ओटी. देवीले काय, ओटी भेटल्याशी काम."

"नवस माया हाय."

"नवस तुमचाच वो. पाय फक्त माये."

चालणाऱ्याचे पुण्य चालणाऱ्याच्याच पदरात पडते, हे पार्बताबाईंना पक्के ठाऊक होते. मनकर्णालाही ते तितकेच ठाऊक होते.

मग उपाय सुरू झाले. एरंडाचे तेल लावले, निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, अकरा शनिवार मारुतीला तेल घालायचे कबूल केले. पाय ऐकेनात. जो तो पायाकडे बघे, पण पायातल्या तोड्यांकडे कुणी बघत नसे.

खरे म्हणजे त्या तोड्यांकडे न बघणेच कठीण होते. भरीव चांदीचे ते तोडे किसनरावांनी पहिल्याच हंगामात करवले होते. पार्बताबाई ते घालून एका लग्नाला गेल्या, तेव्हा मनकर्णा चारचौघींत म्हणाली, "मागून आनले असतीन बापा. लग्नात सारेच मागून आनतात." घरी आल्या आल्या पार्बताबाईंनी सहदेव सोनाराला बोलावले आणि तोडे पायात असतानाच त्यांच्या उघडमिटीच्या कळा डाक देऊन कायमच्या बुजवून टाकल्या. मागून आणलेला दागिना परत करावा लागतो. जो निघतच नाही तो आपला, हे आता आंधळ्यालाही दिसले असते. त्यानंतर तूप वाढले, झोपाळा आला, वजन आले. तोडे मात्र होते तेवढेच राहिले.

असा सारा प्रकार असताना एका सकाळी कुलसुमबी पेटी घेऊन आली. तिच्या नवऱ्याचे, शफीकमियाँचे, अमरावतीच्या कोटाच्या दरवाजाशी दुकान होते. ज्या बायका दुकानाची पायरी चढत नसत त्यांच्या घरी कुलसुमबीच दुकान घेऊन जाई. पायांकडे बघून तिने आधी गालावर बोटे ठेवली, मग पेटी उघडली.

"अय्यो पाटलीनबाई! अशाच सुजल्या पायाचे विलायती मोजे हायेत माज्यापाशी. सायेब लोकांसाठी मुंबईहून मंगवले होते आमच्या मियाँनं. सायबांचे पाय निघाले बगळ्यावानी, माल तसाच पडून हाय."

"मोज्यानं सूज उतरते?"

"पाय दाबून धरते वो. चालताना पानी खाली उतरूच देत नाई. घालून त पाहा."

तिने चार जोड मांडले : सुती, रेशमी, लोकरीचे आणि चौथे तपकिरी रंगाचे, भलतेच काहीतरी. पार्बताबाईंनी सुती जोड पदराच्या टोकाने बाजूला सारला.

"हे नको. सोवळ्यात चालत नाई."

"सारं घर कापसावर चालते न तुमचं?"

"घर चालते. देवघर नाई चालत."

रेशमी जोड सोवळ्याचा होता. तोड्यांवरून ओढून एक मोजा पोटरीवर चढवून पाहिला, तो पार्बताबाई उभ्या राहताच सापाच्या कातीसारखा सरसरत तोड्यांवर येऊन बसला. लोकर त्याहून सोवळ्याची, पण दिवस चैत्राचे. अर्ध्या घटकेत पार्बताबाई कासावीस झाल्या. "काढ माय काढ, पाय शिजून राहिले." उरला तपकिरी जोड. कुलसुमबीने तो ताणला आणि सोडला. तो फटकन जागच्या जागी आला. पार्बताबाई दचकल्या.

"हे कोन्या जनावराचं कातडं होय?"

"तोबा! जनावर नाई, पाटलीनबाई. झाडाचा चीक हाय, त्याचे धागे. एकदम पाक. आपल्या वडाच्याच जातीचं झाड सांगतात."

शेवटचे वाक्य बोलायला नको होते, हे कुलसुमबीच्या लगेच ध्यानात आले. पार्बताबाईंनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले होते.

"वड? जेठात ज्याले फेऱ्या घालते, त्याले पायात घालू?"

"वड नाई वो, वडाच्या जातीचा!"

"जावईबी जातीचाच रायते, घरचा नाई रायत. मून त्याले कोनी लाथ मारते का?"

कुलसुमबी पेटीतला माल नीट लावू लागली. धंद्यात कुठे गप्प बसायचे हे तिला कळत होते. पार्बताबाईंनी डोळे मिटले, ओठ हलवले, वडाशी काही बोलणे केले. जेठात त्याच्या मुळाशी दूध दुप्पट घालायचे ठरले. वडाने होकार दिला असावा, कारण पाय पुन्हा बाहेर आले.

"दे. पन मोकळे दे."

ओसरीवरून किसनराव ओरडले, "मोठ्यातले मोठे घे वं! एकाच भावात लहान कोन घेते?"

मोठ्यातला मोठा मोजा तोड्यांवरून पोटरीवर चढवला. पोटरी आत असतानाच वरून कुलसुमबीचा हात मनगटापर्यंत आत गेला.

"पाटलीनबाई, आरामाचा मोजा मंजे ढिला मोजा नव्हे. याच्यानं काय दाबन? तुमी गाडीत कापूस ढिला भरता का? चढून चढून तुडवता का नाई?"

"मंग मी गाडी हाय का?"

"गाडी कायले? तुमी कापूस."

त्या वर्षी वऱ्हाडात याहून मोठी स्तुती नव्हती. पार्बताबाई लाजल्या आणि मधल्या मापाचा घट्ट जोड घ्यायला राजी झाल्या. तेवढ्यात त्यांच्या मनात आणखी दोन शंका उभ्या राहिल्या. मोज्यात बोटे झाकली तर जोडवी झाकणार, म्हणजे नवरा ओसरीवर धडधाकट बसलेला असताना अवदसा. आणि पावलात मोजा घालून अनवाणी कसे म्हणायचे? उद्या मनकर्णाने विचारले तर? कुलसुमबीने पेटीतून कात्री काढली आणि देवाधर्माच्या नावाने मोज्यांची पावले घोट्याखालून उडवून टाकली. आता कुठे मोजा सोवळ्याचा, सौभाग्याचा आणि अनवाणी झाला.

तो घालायला घेतला आणि घोट्याशी येऊन अडला. मध्ये तोडे होते.

"तोड्याच्या वरून ताणून घालू," कुलसुमबी म्हणाली.

"मंग तोडे दिसतीन कोनाले?"

कुलसुमबीने तोड्याखाली करंगळी घालून पाहिली. करंगळी जाईना. तोडा जरासा सरकवला, तर खाली निळे-काळे वळ पडलेले. तिने पार्बताबाईंकडे पाहिले. पार्बताबाई झोपाळ्याच्या कड्यांकडे बघू लागल्या. ओसरीवर किसनराव एकाएकी खाकरले. घरातल्या प्रत्येकाला ते केव्हाचे दिसलेले होते. पण चार गावांत ज्यांच्यावरून घर ओळखले जाते, त्या तोड्यांवर आळ कोण घेणार?

"पाटलीनबाई," कुलसुमबी हळूच म्हणाली, "हे काढावं लागन."

किसनराव आत आले. "काढायचं नाव नाई. पाय काय, आज सुजले उद्या उतरतीन. तोडे एकदा उतरले का गावाले दिसते."

"मंग तोड्यालेच पाठवा अंबादेवीले," पार्बताबाई म्हणाल्या. "चालत."

एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले, आणि रात्री ताट परत पाठवले. दुसऱ्या सकाळीही ताट परत गेले. उपाशी बायकोपेक्षा, 'पाटलाची बायको उपाशी' ही बातमी किसनरावांना जास्त महागात पडली असती. त्यांनी तोडे कापायला परवानगी दिली, पण अटी घालून. सहदेवने भर दुपारी, गाव झोपल्यावर, मागल्या दाराने यावे. तोडे कापावे, सूज उतरल्यावर सांधून द्यावे, आणि या कानाचे त्या कानाला कळू देऊ नये.

"आन तू लुगडं घोट्यापर्यंत सोडजो," त्यांनी बायकोला बजावले.

तृतीयेच्या आदल्या दुपारी सहदेव आला. कानशीने घासत, घाम पुसत त्याने तोडे कापले. पार्बताबाईंच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की दावणीच्या म्हशीने मान वळवून पाहिले. घट्ट मोजे सुरळीत चढले. सहदेव तोडे फडक्यात गुंडाळून मागल्या दाराने बाहेर पडला.

गाव झोपले होते हे खरे. पण मनकर्णाच्या परसातून पाटलांचे मागले दार दिसत असे, आणि वेगळ्या झाल्यापासून मनकर्णा दुपारची झोपत नसे.

"सहदेवभाऊ, काय वो नेता?"

"काई नाई."

"फडक्यात काय हाय?"

"फडकं."

मनकर्णा विचारात पडली. सोनार पुढल्या दाराने आला तर घरात दागिना येतो. मागल्या दाराने गेला तर काय जाते, हे कुणाला शिकवावे लागत नाही.

पहाटे पार्बताबाई ओटीचे ताट घेऊन निघाल्या. मनकर्णा वाटेत काही विचारणार हे ओळखून त्यांनी ओटी भरेपर्यंत मौन धरले होते. मौन हे मोठे व्रत आहे. त्याने चित्त शांत होते, मन देवापाशी राहते, आणि भावकीला उत्तरे द्यावी लागत नाहीत. बाकी सारे व्रतांच्या पोथ्यांत सांगितलेले असतेच, हे शेवटचे फळ बायका आपापले शोधून काढतात.

बरोबर गावातल्या आणखी काही बायका होत्या. उजाडल्यावर लुगड्याची निरी जराशी वर गेली, आणि मनकर्णाने तपकिरी मोजे पाहिले. त्यांवर तोड्यांचा उंचवटा कुठेच नव्हता.

"मोठ्या बाई, तोडे कुठी हायेत?"

पार्बताबाई चालत राहिल्या.

"गहान टाकले का?"

पार्बताबाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

"बाई वो! मंजे विकलेच?"

यावर पुन्हा मान हलवायची, तर पुढचा प्रश्न याहून वाईट येणार. पार्बताबाईंनी हात जोडून आभाळाकडे पाहिले. देवी, हिला आवर, एवढेच त्यांना म्हणायचे होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. उन्हाने पार्बताबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होते, तेही साऱ्यांनी पाहिले.

"रडून राहिली माय," एकजण म्हणाली. मग कुणी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

गावातला एक गाडीवान अमरावतीला सरकी टाकून परत चालला होता. त्याच्याकडून ही बातमी पार्बताबाई देवळात पोचण्याआधी गावात पोचली. गावाने आपली अक्कल चालवली. पाटील अमरावतीत ऊठबस करतो. दलाल त्याच्या ओळखीचे, गोऱ्या सायबाचा मुनशी त्याचे पान खातो. असा माणूस बायकोच्या पायातले तोडे भर दुपारी कापून नेतो, म्हणजे त्याला आतली खबर लागली. लढाई मिटणार. भाव बसणार. उन्हे कलायच्या आत झाडून साऱ्या गाड्या जुंपल्या गेल्या, आणि भाव चढेल म्हणून कोठ्यांत दाबून ठेवलेला कापूस अमरावतीच्या वाटेला लागला.

इकडे अंबादेवीच्या पायाशी पार्बताबाईंनी ओटी भरली. पाय दुखले नाहीत, त्या थकल्या नाहीत. डोके टेकले तेव्हा खरोखरच त्यांना भरून आले आणि क्षणभर मनकर्णाही मनातून गेली. मौन सुटले. परतताना त्यांनी तोंड भरून सांगितले, की तोडे कापले ते पायासाठी, विकले नाहीत, गहाण नाहीत. बायकांनी सहानुभूतीने माना हलवल्या. इतका वेळ गप्प राहून मग बोललेले कोण खरे धरते?

किसनराव ओसरीवर उभे राहून गाड्यांची रांग बघत हसत होते.

"येडे झाले का रे सारे? दसऱ्यापर्यंत भाव दुप्पट होते!"

"मंग पाटील, तोडे दाखवा," मनकर्णाचा नवरा देवीदास म्हणाला. सख्खा भाऊच तो. "दोन्ही तोडे दाखवा, मी गाडी सोडतो."

तोडे होते सहदेवपाशी, चार तुकड्यांत. ते दाखवणे म्हणजे कबुली देणेच होते. लोक सहदेवकडे गेले. त्याने पाटलांना वचन दिलेले. त्याने इष्टदेवतेची शपथ घेऊन सांगितले, की आपण पाटलांच्या घरचे तोडे जन्मात पाहिले नाहीत. ते तोडे त्यानेच घडवलेले, हे साऱ्या गावाला माहीत होते. झाले. उरलीसुरली शंकाही मिटली.

किसनरावांचे डोके फिरले. "मी बुडालो मनता? मी?" त्यांनी देवीदासची गाडी आपल्या दारातच थांबवली. "उतरव. सारा कापूस मी घेतो, आजच्या भावानं. मंग त पटन?" मागची गाडीही घेतली, तिच्या मागचीही. पाटील बुडाला नाही हे सिद्ध करता करता पाटलांची कोठी, पडवी आणि शेवटी घड्याळाची खोली आढ्यापर्यंत भरली. घड्याळ कुठे तरी आत टिकटिकत राहिले.

वैशाख सरायच्या आधी खबर आली. लढाई खरेच मिटली होती. भाव असा बसला, की दलाल पाटलांना ओळख देईनासे झाले.

मनकर्णा खण-नारळ घेऊन आली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि म्हणून ते जास्त टोचले.

"मोठ्या बाई, तुमच्या नवसानं गाव वाचलं पाहा. त्या दिवशी तुमी गप रायल्या मून आमी कापूस इकला. देवी पावली."

"पावली," पार्बताबाई म्हणाल्या. नवस बोलताना आपण 'आमच्या कापसाले' म्हणालो होतो, त्या 'आमच्या'त देवीने सारे गाव धरले, हे त्यांना आता उमगले. नवस नीट शब्दांत बोलावा, म्हातारी माणसे सांगत असत.

तोड्यांचे तुकडे पेरणीला कामी आले. झोपाळा राहिला, कारण तो घ्यायला कुणी तयार नव्हते. मृगात पार्बताबाई पुन्हा कमरेला पदर खोचून शेतात जाऊ लागल्या. तूप सुटले, सोवळेही हळूहळू सुटले. पोटऱ्या पहिल्यासारख्या काडीच्या झाल्या, आणि मोजे खुंटीवर लोंबू लागले. किसनराव मात्र झोपाळ्यावर बसत. सकाळी बसत ते दिवेलागणीपर्यंत, पाय खाली सोडून, आढ्याला टेकलेल्या कापसाकडे बघत.

पावसाळा सरता सरता कुलसुमबी आली. पार्बताबाईंनी खुंटीवरचे मोजे काढून पुढे केले.

"हे वापस घेता का, कुलसुमबी? मले आता काई काम नाई त्याचं."

कुलसुमबीने मोजे हातात घेतले. मग तिची नजर झोपाळ्याखाली, किसनरावांच्या पायांकडे गेली. तिने गालावर बोटे ठेवली आणि मोजे परत दिले.

"ठेवा, पाटलीनबाई. घरातच काम हाय."

ती गेल्यावर पार्बताबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या. त्यांनी धोतर वर सारले आणि एकेक मोजा ओढून चढवला.

"अवं, लय घट्ट हाय! मोकळे नाई भेटले का?"

"आरामाचा मोजा मंजे ढिला मोजा नव्हे. गाडीत भरतेवेळी कापूस तुडवता का नाई? समजा, तुमी कापूस."

किसनरावांनी समोरच्या ढिगाकडे एकदा पाहिले.

"कापूस नको मनू मले," ते म्हणाले.

पार्बताबाईंनी कोनाड्यातला विळा घेतला. दारात मनकर्णाचा आवाज आला, ती तण निंदायला बरोबर जायची होती. किसनरावांनी घाईघाईने पाय झोपाळ्याखाली ओढले.

"धोतर घोट्यापर्यंत सोडा," पार्बताबाई हळूच म्हणाल्या.

"आन तिनं विचारलं त?"

"मौन धरा," त्या म्हणाल्या, आणि भराभर चालत शेताच्या वाटेला लागल्या.